अन्नाची शुद्धी कुठे तपासायची?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



दत्तजयंती जवळ आली. यंदाच्या भंडाऱ्यात धान्य-किराण्याची सेवा माझ्याकडे आहे. पत्रिकेचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "तांदूळ-तेल काय बघून घेतलं, यावर चार ओळी लिहून द्या." लिहायला बसले तर चार ओळींत मावेना. थोडं लांबलंय, स्वयंपाकघर आवरून झालं की निवांत वाचा.

सुरुवात झाली पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊबाईंनी एक मेसेज टाकला. "लॅबमधला तांदूळ बाजारात येतोय, मुलांना देऊ नका, सगळ्यांना पाठवा." खाली त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, "सरकारने पाकिटावर लिहायलाच पाहिजे." पुतण्या शेतकी कॉलेजात शिकलेला. त्याने उत्तर दिलं, "काकू, यात घाबरण्यासारखं काही नाही. लेबल लावलं तर लोक उगाच भितील. ज्याला जे घ्यायचं ते घेऊ द्या, सरकार कशाला मध्ये?"

चार दिवसांनी भाऊजींचा मेसेज. रोवणीच्या बायांनी रोजी वाढवून मागितली म्हणून ते वैतागले होते. "सरकारने मजुरीत पडू नये. ज्याला परवडेल तो येईल, नाही परवडत तो घरी बसेल." जाऊबाईंनी लगेच अंगठा दाखवला. आणि पुतण्या? तो म्हणाला, "नाही काका, मजुरी सरकारनेच ठरवायला पाहिजे."

मी दोन्ही दिवसांचे मेसेज परत परत वाचले. ज्यांना तांदळाच्या पाकिटावर सरकार हवं होतं, त्यांना बांधीत नको होतं. ज्याला बांधीत हवं होतं, त्याला पाकिटावर नको होतं. सगळी आपलीच प्रेमाची माणसं, सत्संगाला बसणारी. मग विचार केला, दोन माणसांच्या व्यवहारात तिसऱ्याने, म्हणजे सरकारने, कधी पडावं? आणि त्याने पडण्याआधी आपण स्वतः काय करावं?

आधी तांदळाचं बघू. तो मेसेज अगदीच हवेतला नव्हता, पण खराही नव्हता. 4 मे 2025 ला दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. एक 'कमला', सांबा मसुरीपासून केलेलं. दुसरं 'पुसा डीएसटी राईस 1', आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या 1010 पासून केलेलं. ही जीनोम-संपादित वाणं आहेत, म्हणजे भाताच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केलेली. जीएम पिकात बहुतेक वेळा बाहेरचं जनुक आणून घालतात. बीटी कापसात मातीतल्या जीवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्या कापसाला आपल्या देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. या दोन धानांत बाहेरचं काही ठेवलेलं नाही. अशा वाणांना केंद्र सरकारने मार्च 2022 मध्येच जीएमच्या कडक परवानग्यांतून सूट दिली होती.

लेबलचा नियम नाहीच असंही नाही. 1 जानेवारी 2013 पासून ज्या पाकिटात जीएम अन्न असेल त्याच्या दर्शनी भागावर सर्वांत वर 'जीएम' ही अक्षरं हवीत, असा नियम आहे. मी इतकी वर्षं किराणा भरते, मला एकाही पाकिटावर ती दिसली नाहीत. आता बघा, आपल्या देशात सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून येतं आणि तिकडचं जवळजवळ सगळं सोयाबीन जीएम आहे. आपल्याकडच्या बहुतेक सरकीचंही तेच. पुतण्याचं म्हणणं असं की तेल इतकं शुद्ध होऊन येतं की त्यात बदललेलं जनुक जवळपास सापडतच नाही, मग ते जीएम कसं म्हणायचं? किती अंश असला म्हणजे लिहायचं, यावरही जगात एकमत नाही. युरोपात 0.9 टक्के, अमेरिकेत चुकून मिसळलेलं 5 टक्क्यांपर्यंत चालतं, आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 च्या मसुद्यात 1 टक्का सुचवला.

हे सगळं समजून घेतल्यावरही मला जाऊबाईंची बाजू एका ठिकाणी पटते. आपण पाकिटावर हिरवा ठिपका बघतो. तो ठिपका 'मांसाहार म्हणजे विष' असं सांगत नाही. 'आत काय आहे ते बघ आणि तुझं तू ठरव' एवढंच सांगतो. एकादशीला साबुदाणा खायचा की भगर, हे डॉक्टर ठरवत नाही. माझ्या शरीरात काय जातं हे मला कळलं पाहिजे, ते धोक्याचं असो वा नसो. 2010 मध्ये बीटी वांग्याचा प्रश्न आला तेव्हा त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात आपलं नागपूरही होतं. शेतकरी, शास्त्रज्ञ, सगळे येऊन बोलले, भांडलेसुद्धा. 9 फेब्रुवारी 2010 ला त्या वांग्याला स्थगिती दिली गेली. निर्णय बरोबर की चूक, यावर आजही दोन मतं आहेत. पण खाणाऱ्याला विचारलं गेलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

फक्त एक. हक्क मागायचा तर तो खरेपणाने मागायचा. न वाचता "मुलांना देऊ नका" पुढे ढकलणं म्हणजे आपणच एक खोटं लेबल चिकटवणं झालं. ज्याला खरं लेबल हवंय, त्याने खोटं लेबल वाटू नये.

आता बांधीकडे येऊ.

किमान वेतनाचं विधेयक 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कायदा झाला 1948 मध्ये. त्या वेळी आपला बालाघाट मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. दर पाच वर्षांच्या आत सुधारायचे असं कायद्यात होतं, पण आपल्या मध्य प्रदेशात ते दहा वर्षांनी सुधारले. एप्रिल 2024 पासून अकुशल कामगाराला महिना 11,800 रुपये ठरले. काही उद्योग कोर्टात गेले, इंदूर खंडपीठाची स्थगिती आली, ती डिसेंबरमध्ये उठली. शेतमजुरीचा दर वेगळा, याहून कमी. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. पूर्वी ठरावीक यादीतल्या कामांनाच किमान वेतन होतं, आता ते सगळ्या कामांना द्यायचं असं त्यात म्हटलंय. कागदावरून बांधीपर्यंत ते कधी पोचतं, बघायचं.

रोजगार हमीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. रजेगावला बाघ नदीच्या पुलाच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे गोंदिया जिल्हा. 2025-26 साठी अलीकडे मातीकामाची रोजी 261 रुपये, पलीकडे 312. माती तीच, ऊन तेच, घमेलंही तेवढंच जड. फरक 51 रुपयांचा.

भाऊजी काय म्हणतात तेही ऐकायला पाहिजे. ते काही सावकार नाहीत. तीन एकर धान आहे. खत, औषध, नांगरणी, सगळं महाग. 2025-26 मध्ये साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. "माझंच भागत नाही तर मी कुठून देऊ?" असं ते विचारतात. रोजी फार वाढली तर लोक यंत्राने रोवणी करतील, हार्वेस्टर बोलावतील, मग बायांचं कामच जाईल, हेही खोटं नाही. अभ्यासू माणसंही यावर वाद घालतात.

पण मी त्यांना एकच विचारलं. "भाऊजी, हमीभाव म्हणजे काय हो? व्यापाऱ्याने याखाली भाव पाडू नये म्हणून सरकार मध्ये पडतं, तोच ना?" ते हसले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं." हमीभाव म्हणजे धानाचं किमान वेतन. आपल्या धानाला आधार हवा, तर ते धान रोवणाऱ्या हातांना का नको?

इथे मला पुतण्याच्या आणि जाऊबाईंच्या भांडणाची गाठ सुटली असं वाटतं. दोन्ही प्रश्न सारखे दिसतात, पण दुखणं वेगळं आहे. तांदूळ घेणाऱ्या मला आतलं दिसत नाही. माझी अडचण न दिसण्याची. मला खरं लिहून दाखवा, पुढचं मी ठरवीन, नको असेल तर दुसरं घेईन. इथे लेबल पुरतं. रोवणीच्या बाईला मात्र सगळं दिसतं. रोजी किती ते तिला माहीत आहे, कमी आहे हेही माहीत आहे. तिची अडचण न दिसण्याची नाही, 'नाही' म्हणता न येण्याची आहे. घरी चूल आहे, पोरं आहेत, दुकानदाराची उधारी आहे. तिला पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'येथे मजुरी कमी मिळते', तरी तिचा काय फायदा? ती येणारच.

अज्ञानाला औषध माहिती. लाचारीला माहितीने उतार पडत नाही, तिथे आधारच लागतो. म्हणून 'ज्याला परवडेल तो येईल' हे वाक्य किराणा दुकानात चालेल, बांधीत चालत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये हेच सांगितलं. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती, मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या 23 व्या कलमातली वेठबिगारीच आहे, कारण भूक आणि गरिबी यांची जबरदस्ती हीसुद्धा जबरदस्तीच. मजूर 'हो' म्हणाला होता, तरी न्यायालयाने ते 'हो' खरं धरलं नाही. ज्याला 'नाही' म्हणता येतं, त्याचंच 'हो' खरं.

इथपर्यंत मी मोठ्या उत्साहाने विचार करत होते, कारण सगळा विचार दुसऱ्यांबद्दल होता. मग एक दिवस मी आमच्या घरच्या हिशेबाची वही उघडली.

गेली दोन वर्षं मी रिफाइंड तेल बंद करून लाकडी घाण्याचं तेल आणते. जवळजवळ दुप्पट भावाने. का? अन्न शुद्ध हवं म्हणून. त्याच वहीत पुढच्या पानावर आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाईंचा पगार. चार वर्षांपासून तोच आकडा, 1,200 रुपये. रोज दोन तास, महिन्याचे साठ तास. भागाकार केला. तासाला वीस रुपये. मग 11,800 ला 26 दिवसांनी आणि आठ तासांनी भागलं. तासाला साधारण 57. माझ्या तेलाचा भाव मी न बोलता दुप्पट केला होता, आणि त्याच तेलाची कढई घासणाऱ्या हातांचा भाव चार वर्षं हललेला नव्हता. आणि त्यांनी कधी मागितलंही नव्हतं. त्याला मी 'समाधानी आहेत' असं समजत होते.

महाराज प्रवचनात आहारशुद्धीबद्दल नेहमी सांगतात. आपण त्याचा अर्थ धुणं, निवडणं, सोवळं, कांदा-लसूण इथपर्यंत नेतो, आता त्यात जीएमची भर पडली. पण अन्नात बियाणं असतं तसे कोणाचे तरी कष्टही असतात. बियाण्यात काय मिसळलं ते मी विचारते. कष्टात काय मिसळलं ते नाही विचारत. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे, मगच कोणाच्या दारची भाकर घ्यायचे. भाकर कोणत्या पिठाची, हे त्यांनी नाही बघितलं. आपण तिचं मोल दिलं की नाही, एवढंच बघितलं.

आपल्या चिन्नोर तांदळाचंच घ्या. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं. आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. तेही एक लेबलच, हा तांदूळ खरोखर इथलाच आहे असं सांगणारं. बियाण्याचं लेबल निघालं, गावाचं निघालं, हातांचं मात्र तांदळाच्या पोत्यावर कुठे दिसत नाही. तसं होऊच शकत नाही असंही नाही. आपल्या विदिशाचे कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये गालिच्यांसाठी 'रगमार्क' ही खूण निघाली. हा गालिचा विणायला बालमजूर लावलेला नाही, असं ती खूण सांगायची. पण ती घेणारा विचारतो म्हणून टिकली. विचारणारं कोणी नसेल तर कोण लावतं?

आता भंडाऱ्याकडे येते, कारण हे सगळं तिथेच येऊन थांबलं.

पहिल्या बैठकीत मीच सुचवलं होतं की यंदा सगळा भात चिन्नोरचा करू, ओळखीच्या शेतकऱ्याकडून, निश्चिंत शुद्ध. सगळ्यांना आवडलं. खर्चाचा कागद करायला घेतला तेव्हा मागच्या वर्षीचा कागद काढला. त्यात भांडी घासायला येणाऱ्या चार बायांसमोर लिहिलं होतं, 'साडी, नारळ, प्रसाद, दक्षिणा 100'. दोन दिवस, सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत. आणि शीर्षक होतं 'सेवा'.

मी दुसऱ्या बैठकीत विषय काढला. आपल्यातले एक ज्येष्ठ काका, ज्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, ते म्हणाले, "ताई, त्या श्रद्धेने येतात. सेवेला पैसे लावले की सेवा राहत नाही. त्यांच्या पुण्यात आपण कशाला हात घालायचा?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. काकांचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं. आपण सगळ्या भाजी चिरतो, वाढतो, उष्टी काढतो, आणि त्याचे पैसे कोणी देऊ केले तर आपल्याला वाईट वाटेल.

म्हणून मी त्या चौघींपैकी एकीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "ताई, सेवा करायची तर मी आरतीला येईन नं. भांड्याला आली की दोन दिवसांची रोजी बुडते. पण तुमच्या लोकांना नाही कसं म्हणायचं?"

हे ऐकून मला स्वतःची लाज वाटली. आपण उष्टी काढतो तेव्हा घरी आपली चूल पेटलेली असते. आपण 'आज जमणार नाही' म्हणू शकतो आणि तरी येतो, म्हणून ती सेवा. तिला 'नाही' म्हणायची सोयच नाही. सेवा आपल्या खिशातून, आपल्या अंगातून द्यायची असते. दुसऱ्याच्या अंगातून काढून घेतलेली सेवा आपल्या नावावर कशी लागेल?

तिसऱ्या बैठकीत ठरलं. चौघींना दिवसाला 450 रुपये, दोन दिवसांचे मिळून 3,600. साडी-नारळ वेगळं, ते प्रेमाचं. हे पैसे कुठून आणायचे? चिन्नोर फक्त नैवेद्याला, पंगतीला साधा तांदूळ. काकांना हे पूर्ण पटलेलं नाही, पण त्यांनी विरोध केला नाही. उलट म्हणाले, "मी स्वतः एक दिवस भांड्याला बसतो." बसणार आहेत. मी वाट बघतेय.

घरच्या बाईंचा पगार मी 2,400 केला आणि महिन्याला चार सुट्ट्या. यजमान म्हणाले, "एकदम दुप्पट? शेजारचे काय म्हणतील?" शेजारचे म्हणाले ते म्हणालेच. हिशेब केला तर अजूनही तो 57 पर्यंत पोचत नाही, हे मला माहीत आहे. घाण्याचं तेल मात्र अर्धं केलंय.

शेवटी विनंती, माझ्यासकट सगळ्यांना. लेबलची मागणी जरूर करा, तो आपला हक्क आहे. पण मेसेज पुढे पाठवण्याआधी तो खरा आहे का ते बघा. आणि ज्या दिवशी आपण विचारू, 'या तांदळात काय मिसळलंय?', त्याच दिवशी आपल्या घरी, शेतात, दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या रोजीचा एकदा भागाकार करून बघा. तासाला किती पडतात, एवढंच. कोणाला सांगू नका, ग्रुपवर टाकू नका. तो आकडा नैवेद्याच्या ताटाशेजारी मनात ठेवा आणि मग हात जोडा.

भंडाऱ्याला सगळ्यांनी सहकुटुंब या. भात साधा आहे. पोटभर जेवा.

काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने सांगा.

सद्गुरुचरणी,
आपली एक सेविका, बालाघाट